काडतुसाचा आकार आणि हाताची जात

कोल्हापुरात कसबा बावड्याच्या रस्त्याला लागले की न्यू पॅलेस लागतो. तिथल्या संग्रहालयात छत्रपती घराण्याच्या तलवारी, बंदुका आणि शिकारीतली भुसा भरलेली जनावरे मांडून ठेवली आहेत. याच रस्त्यावर जिल्हा पोलीस अधीक्षकांचे कार्यालय आहे. बंदुकीचा परवाना मागणाऱ्याच्या चौकशीचे कागद अशाच कार्यालयांतून फिरतात. आणि खुद्द बावड्यात आहे लक्ष्मी विलास पॅलेस, जिथे २६ जून १८७४ रोजी राजर्षी शाहू महाराजांचा जन्म झाला. या देशात शस्त्र कोणाच्या हाती असावे, हे कोण ठरवत आले आणि कशाच्या आधारावर, या प्रश्नाचा बराचसा इतिहास या एका रस्त्यावर उभा आहे.

हा प्रश्न आज काढण्याचे कारण आहे. कुठेही दलित वस्तीवर हल्ला झाला की दुसऱ्या दिवशी मागणी येते : "आम्हाला बंदुकीचे परवाने द्या." मागणी करणारा संतापलेला असतो आणि त्याचा संताप खरा असतो. पण कायदा काय म्हणतो, तो असा का झाला आणि त्यात आपल्या उपयोगाचे नेमके काय आहे, हे वाचून कोणी मागणी करत नाही. सरकारलाही ते सोयीचे पडते. मागणी मोघम असली की उत्तरही मोघम देता येते.

कायदा वाचायला घेतला की पहिला धक्का आकड्यांचा बसतो. भारतात थ्री नॉट थ्री, म्हणजे .३०३ बोअरची रायफल सामान्य नागरिकाला मिळत नाही. ती 'प्रतिबंधित बोअर'. पण .३१५ बोअरची रायफल परवान्यावर मिळते. .३०३ म्हणजे इंचाचे हजार भाग केले तर ३०३ भाग, साधारण ७.७ मिलिमीटर. .३१५ म्हणजे ८ मिलिमीटर. म्हणजे जाड गोळीची रायफल चालते आणि बारीक गोळीची चालत नाही! त्यातही ही .३१५ रायफल बनवली कोणी, तर सरकारच्याच ईशापूरच्या कारखान्याने, जिथे .३०३ ची लष्करी रायफल बनत होती, आणि बनवली ती त्याच जुन्या ली-एन्फील्डच्या साच्यावर. नळीचे भोक बदलले, दहा गोळ्यांच्या मॅगझिनच्या जागी पाच गोळ्यांचे आले आणि लष्कराची रायफल नागरिकाची झाली. ७.६२ मिलिमीटरचेही तसेच. लष्कराचे ७.६२ चे काडतूस जिच्यात बसते ती रायफल बंद. तेवढ्याच जाडीची गोळी उडवणारी, पण लांब काडतुसाची .३०-०६ रायफल मात्र परवान्याला पात्र.

याला वेडेपणा म्हणावे काय? आम्हाला तसे वाटत नाही. १९६२ च्या शस्त्र नियमांचे पहिले परिशिष्ट उघडा. त्यात वर्ग १(क) मध्ये काय लिहिले आहे? .३०३ किंवा ७.६२ मिलिमीटरचे लष्करी काडतूस ज्यात बसेल आणि उडेल अशी कोणतीही रायफल. .४१० मस्केटचे काडतूस जिच्यात चालेल ती मस्केट. लष्करी ९ मिलिमीटरचे काडतूस ज्यात चालेल ते पिस्तूल. २०१६ साली नवे नियम आले, पण ढोबळ साचा हाच राहिला. या यादीत हत्यार किती घातक आहे हा प्रश्नच विचारलेला नाही. प्रश्न एकच आहे : शिपायाच्या पट्ट्यातले काडतूस या बंदुकीत बसते का? बसत असेल तर ती रयतेच्या हाती नको. उद्या रयतेने शस्त्रागार लुटले किंवा एखादा शिपाई रयतेला फितूर झाला, तर त्या काडतुसांचा तिला उपयोग होता कामा नये.

इंग्रजांनी ही युक्ती उघडपणे केली होती. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांनी हिंदुस्थानात आणि सुदानमध्ये .४५० बोअरच्या रायफली आणायला बंदी घातली, कारण मार्टिनी-हेन्री या लष्करी रायफलीची काडतुसे आणि गोळ्या बंडखोरांच्या उपयोगी पडतील ही भीती. मग विलायतेतल्या बंदूकवाल्यांनी काय केले? साहेबांची वाघ-हत्तीची शिकार थांबू नये म्हणून .४६५, .४७०, .४७५ असे नवे बोअर काढले. म्हणजे त्याहून मोठे! सरकारला त्याची काही अडचण नव्हती. हत्ती लोळवणारी बंदूक साहेबाच्या आणि संस्थानिकाच्या हाती राहणार होती, सरकारवर ती उलटणार नव्हती.

अमेरिकेतल्या भांडणाशी हे ताडून पाहावे. तिथे रायफल 'असॉल्ट' प्रकारची कधी म्हणायची आणि मॅगझिनमध्ये किती गोळ्या चालतील यावर अखंड वाद चालतो. १९९४ च्या त्यांच्या केंद्रीय कायद्याने दहापेक्षा जास्त गोळ्यांची नवी मॅगझिन विकायला बंदी केली आणि २००४ साली तो कायदा मुदत संपून गेला. त्यांचाही घोळ कमी नाही, पण एका माणसाला एका दमात किती गोळ्या झाडता येतील, हा निदान धोक्याचा प्रश्न आहे. आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात मॅगझिन येते ते 'प्रतिबंधित शस्त्रा'च्या व्याख्येत : चाप दाबून धरला की तो सोडेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत जे गोळ्या सोडत राहते ते. ही स्वयंचलित बंदूक. एका चापाला एक गोळी सोडून पुढची आपोआप भरणारी अर्धस्वयंचलित रायफल या व्याख्येत बसत नाही. ती नियमांच्या परिशिष्टात, वर्ग १ मध्ये येते. म्हणजे 'प्रतिबंधित शस्त्र' वेगळे, 'प्रतिबंधित बोअर' वेगळा आणि वर्ग १ त्या दोघांनाही पोटात घेणारा. वकील मंडळी इथेच अडखळतात.

ही वर्गवारी नुसती कागदावरची नाही, तिच्यावर माणसांची आयुष्ये ठरली आहेत. टाडा कायद्याचे कलम ५ याच परिशिष्टाला बांधलेले होते : अधिसूचित भागात वर्ग १ किंवा वर्ग ३(अ) मधले शस्त्र विनापरवाना जवळ सापडले की टाडा लागला. वर्ग ३(अ) म्हणजे साधे रिव्हॉल्व्हर-पिस्तूलसुद्धा. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोट खटल्यात संजय दत्तवर हेच कलम होते. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने त्याच्याच प्रकरणात सांगितले की शस्त्राचा दहशतवादाशी संबंध नव्हता हे दाखवण्याची संधी आरोपीला द्यावी लागेल. पुढे तो टाडातून सुटला आणि शस्त्र कायद्याखाली शिक्षा भोगून बाहेर आला. त्याच खटल्यातल्या काही सामान्य आरोपींना मात्र शस्त्रे घरात ठेवल्याबद्दल टाडाखालीच शिक्षा झाल्या. आम्हाला संजय दत्तच्या शिक्षेत रस नाही. एकाच वर्गातले हत्यार वेगवेगळ्या हातांत वेगळे वजन धरते, एवढेच दाखवायचे आहे.

ही भीती आली कुठून? लांब जायला नको. १८४४ साली कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांचे बंड झाले. सामानगड, भुदरगड, पन्हाळा, विशाळगड या किल्ल्यांवर पिढ्यान्पिढ्या राखण करणारे वतनदार शिबंदीवाले, त्यांची वतने इंग्रजांच्या कारभारात धोक्यात आली आणि त्यांनी किल्ले लढवले. गडकरी म्हटले की शाळेच्या पुस्तकात मराठा सरदार डोळ्यांपुढे येतो. गडाच्या राखणीत महार, रामोशी, बेरड किती होते याचा उल्लेख तिथे येत नाही. बंड मोडल्यावर पन्हाळ्याच्या तटबंदीची मोडतोड झाली आणि शिबंदी संपली. तेरा वर्षांनी, ३१ जुलै १८५७ ला, कोल्हापुरातली २७ वी नेटिव्ह इन्फन्ट्री उठली. ले ग्रँड जेकब याने येऊन पलटणीची हत्यारे काढून घेतली. डिसेंबरात पुन्हा उठाव झाला आणि छत्रपतींचे भाऊ चिमासाहेब यांना पुढे कराचीला नेऊन ठेवले. त्याच वर्षी निःशस्त्रीकरणाचा कायदा आला. त्याखाली हत्यारे मागायला सरकार गेले तेव्हा मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेरडांनी ती द्यायला नकार दिला. त्यांच्यावर फौज गेली, गाव जाळले आणि धरलेल्यांना फासावर चढवले. कित्तूर आणि नरगुंदच्या राजघराण्यांच्या कथा सर्वत्र सांगतात, हलगलीच्या बेरडांची कर्नाटकाबाहेर किती जणांना ठाऊक आहे?

मग १८७८. लॉर्ड लिटनने त्याच वर्षी देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांचे तोंड बांधणारा कायदा केला आणि त्याच वर्षी शस्त्र कायदाही. लेखणी आणि बंदूक, दोन्ही एकाच वर्षी परवान्याखाली गेल्या. युरोपियनांना आणि अँग्लो-इंडियनांना परवान्यातून सूट होती. हिंदी माणसात सूट होती ती बड्या असामींना. पहिल्या महायुद्धानंतर नियम बदलले, गोऱ्या कातडीचा उघड उल्लेख निघाला. परंतु जन्मावरून सूट ही कल्पना काही मेली नाही. आजही कोडगूतल्या कोडवा समाजाला आणि तिथल्या जम्मा जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे आणि कर्नाटक उच्च न्यायालयाने ती २०२१ साली वैध ठरवली. एका समाजाला जन्माने आणि एकाला जमिनीने बंदूक! जातीच्या आधारावर काही दिले की गुणवत्ता बुडाली म्हणून ओरडणारे या सवलतीविषयी चकार शब्द काढत नाहीत.

आता आपल्याकडे वळू. महाराच्या हाती काठी होती. ती गावाची काठी होती. तिच्या बळावर त्याने गावाची वेस राखायची, सरकारी वसूल तालुक्याला पोचवायचा, चोराचा माग काढायचा. राखण करण्याइतका विश्वास होता, पाणवठ्यावर येऊ देण्याइतका नव्हता. हीच माणसे कंपनीच्या पलटणीत गेली तेव्हा हाती बंदूक आली. १ जानेवारी १८१८ चे कोरेगाव आम्ही इथे पुन्हा सांगत नाही. पण त्या स्तंभाची आठवण काढताना पुढचे विसरू नये. १८९२ च्या सुमारास 'लढाऊ वंश' या थोतांडाखाली महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः पेन्शनर लष्करी माणूस. त्यांनी १८९४ साली भरती पुन्हा सुरू करण्यासाठी विनंतीपत्र तयार केले. १९१० साली शिवराम जानबा कांबळे यांनी पुन्हा अर्ज केला. १९१७ साली महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १११ वी महार पलटण उभी राहिली, युद्ध संपल्यावर १९२१ साली ती मोडली. दुसरे युद्ध आले, बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर होते, आणि १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी झाली. गरज असली की हाती मशीनगन, गरज संपली की काठीही खुपते. हा क्रम दोन वेळा झाला. शस्त्राचा प्रश्न काडतुसाच्या आकाराचा कधीच नव्हता, असे आम्ही म्हणतो ते म्हणूनच.

आणि ज्यांच्या हाती काठीसुद्धा नको असे ठरले, त्यांच्यासाठी १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा होता. दररोज पोलिसांत हजेरी. कोल्हापुरात महार, मांग, रामोशी, बेरड यांना ही हजेरी होती. शाहू महाराजांनी १९१८ साली ती बंद केली. त्याच वर्षी महारवतने खालसा करून लोकांना गावच्या वेठीतून सोडवले. फासेपारध्यांना त्यांनी पहाऱ्याच्या कामावर घेतले ही गोष्ट कोल्हापुरात अजून सांगतात. ज्याला सरकार चोर म्हणते त्यालाच दारावर उभा करायचा! महाराजांच्या आरक्षणाचे आपण नेहमी स्मरण करतो, पण आम्हाला ही पहाऱ्याची नेमणूक तितकीच मोठी वाटते. शस्त्र धरण्याचा अधिकार म्हणजे विश्वासाचा अधिकार, आणि तो जन्माने हिरावला जातो, हे ज्याला कळले तोच असे करू शकतो.

मग बाबासाहेब काय म्हणाले? इथे आपल्यातल्या काही तरुणांना न रुचणारी गोष्ट सांगावी लागते. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत हरि विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती मांडली. तिला आधारही होता, १९३१ च्या कराची काँग्रेसच्या ठरावात हा हक्क होता. बाबासाहेबांनी दुरुस्तीला विरोध केला. त्यांचे म्हणणे असे की सरसकट हक्क दिला तर शस्त्रे कोणाच्या हाती जातील याला धरबंध राहणार नाही, आग्रह धरायचा असेल तर तो देशासाठी शस्त्र धरण्याच्या कर्तव्याचा धरावा. दुरुस्ती फेटाळली गेली. कलम १९ मध्ये आले ते शांततेने आणि विनाशस्त्र जमण्याचे स्वातंत्र्य. आमच्या मते बाबासाहेब बरोबर होते. हक्क सर्वांना सारखा दिला असता तर बंदूक विकत घेण्याची ऐपत कोणाची होती? पाटलाच्या वाड्यात दहा आल्या असत्या, वस्तीत एकही नाही.

अमेरिकेतले ब्लॅक पँथर, ज्यांच्या नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, त्यांना हक्क होता. १९६७ साली ते ओकलंडमध्ये भरलेल्या बंदुका उघड घेऊन पोलिसांवर नजर ठेवत फिरू लागले आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने भरलेली बंदूक सार्वजनिक ठिकाणी घेऊन फिरायला बंदी केली. सही गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची. कागदावरचा हक्क काळ्या हातात गेला तेव्हाच कायद्याला धोका दिसला.

आता १९५९ चा कायदा. त्यातले एक कलम प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे : कलम १४(२). अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नकार दिला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात, कलम १८ खाली अपील करता येते. शिवाय कलम १३ सांगते की स्वसंरक्षणासाठी वीस इंचांहून कमी नसलेल्या नळीची गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे आपली बारा बोअर, किंवा पीक राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली, तर ती द्यायची ही रीत आहे. नाकारायचे तर कलम १४ मधले कारण लागते. पण 'सार्वजनिक शांतता' हे त्यातलेच एक कारण आहे आणि त्यात काहीही बसते. पीक राखणीचे म्हणाल, तर राधानगरी, आजरा, चंदगडकडे गवे आणि रानडुकरे पिके खातात हे खरे. पण भूमिहीनाचे पीक कुठले? आमच्याकडे येणारे लोक सांगतात की चौकशीत आधी सात-बारा विचारतात. कायद्याने मालमत्तेची अट काढली, चौकशीने ती परत आणली.

तरीही बारा बोअरचा परवाना हा आमच्या मते मुख्य मुद्दा नाही. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबाला मारले ते काठ्या, कुऱ्हाडी आणि सायकलच्या साखळ्यांनी. शस्त्र नियमांच्या वर्ग ५ मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे हत्यार येते, पण शेतीचे आणि घरगुती सोडून. कोयता आणि कुऱ्हाड शेतीचीच. बोअर मोजून अत्याचार थांबणार नाहीत. दुसऱ्या बाजूला बिहारमध्ये १ डिसेंबर १९९७ ला लक्ष्मणपूर बाथे इथे रणवीर सेनेने ५८ जणांना गोळ्या घातल्या. २०१३ साली पाटणा उच्च न्यायालयाने सगळे आरोपी सोडले. जिथे सवर्णांच्या हाती बंदुका आहेत तिथे काय होते हे यातून कळते.

म्हणून आपल्याला हवा तो कायदा शस्त्रांच्या पुस्तकात नाही, अॅट्रॉसिटीच्या पुस्तकात आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंध नियम, १९९५, नियम ३. अत्याचारप्रवण क्षेत्र ठरवून राज्य सरकारने करायच्या गोष्टींची त्यात यादी आहे. आवश्यक वाटल्यास त्या क्षेत्रातल्या अनुसूचित जाती-जमातींबाहेरच्या लोकांचे, त्यांच्या जवळच्या नातेवाइकांचे, नोकरांचे आणि मित्रांचे शस्त्र परवाने रद्द करून शस्त्रे सरकारी शस्त्रागारात जमा करायची. बेकायदा बंदुका जप्त करायच्या. आणि मग, आवश्यक वाटल्यास, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यायचे. यादीतला क्रम पाहा. आधी त्यांची शस्त्रे काढायची आहेत, आमच्या हाती शस्त्र देण्याची गोष्ट नंतर येते. "परवाने द्या" म्हणून ओरडणारे आपण आणि "सगळ्यांना बंदुका वाटायच्या का" म्हणून हिणवणारे ते, दोघेही पहिली पायरी वगळतो.

हे करणे अवघड आहे असे कोणी सांगू नये. निवडणूक आली की परवान्यांची छाननी होते आणि लोक आपल्या बंदुका पोलीस ठाण्यात निमूट जमा करतात. यादी तयार असते, पावत्या मिळतात, मतमोजणीनंतर हत्यारे परत जातात. मतपेटीसाठी हे होते. वस्तीसाठी का होत नाही?

नियम १७ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली दक्षता व नियंत्रण समिती असते. तिथे आपले प्रतिनिधी बसतात आणि बऱ्याचदा मदतीचे धनादेश किती वाटले यावरच बैठक संपते. यापुढे त्यांनी लेखी विचारावे : जिल्ह्यात अत्याचारप्रवण म्हणून कोणती गावे ठरवली आहेत, त्या प्रत्येक गावात शस्त्र परवाने किती आणि कोणाकडे आहेत, अॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदलेल्यांपैकी कोणाचा परवाना चालू आहे, नियम ३ खाली आजवर किती शस्त्रे जमा केली, आणि अनुसूचित जाती-जमातींचे जे अर्ज नाकारले त्यांत कारणे लेखी दिली आहेत का. उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्यावे, तोंडी घेऊ नये. ही बैठक तीन महिन्यांतून किमान एकदा घेणे बंधनकारक आहे. तुमच्या जिल्ह्यातली शेवटची बैठक कधी झाली, एवढी तारीख आधी काढा.